नळीत धरलेला कार्बन

इगतपुरीच्या पावसात लोखंड सांभाळणं हे चार महिन्यांचं अखंड काम आहे. कसारा घाटाच्या माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात ढग थेट घरात येतात आणि कडीकोयंड्यापासून कोयत्यापर्यंत सगळ्यावर तांबूस पूड चढते. अशा हवेत पोलीस ठाण्यातली, रेल्वे सुरक्षा दलाकडची किंवा बँकेच्या दारात उभ्या असलेल्या निवृत्त जवानाच्या खांद्यावरची बंदूक राखायची, तर नुसतं तेल लावून भागत नाही. नळीत गंज कुठे लागणार, हे बऱ्याचदा पाऊस यायच्या आधीच ठरलेलं असतं. जिथे कार्बन घट्ट धरलेला आहे, तिथे.

एनसीसीत रायफल हाताळलेल्या मुलामुलींना पुलथ्रू आणि चिंदी चांगली माहीत असते. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात कापडाची चिंदी. वजन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या, बाजूने सोडायचं, तोंडाकडून ओढून घ्यायचं. चिंदी काळी होऊन बाहेर येते, दुसरी कमी काळी, तिसरी जवळपास स्वच्छ. एवढ्यावर नळी साफ झाली असं वाटतं. प्रत्यक्षात चिंदीने फक्त सुटी काजळी आणलेली असते. खरा हट्टी थर चिंदीखाली गुळगुळीत लागतो, म्हणून हाताला कळतही नाही.

हा थर तयार कसा होतो? आजच्या काडतुसातली दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, पण सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करण्याइतका नसतो. त्यामुळे जळताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो आणि थोडा कार्बन काजळी होऊन उरतो. दारूच्या कणांवर ग्रॅफाइटचा मुलामा असतो, तोही त्यात मिसळतो. पुढचा बार उडाला की गोळी या काजळीवरून जाते आणि ती दाबून बसवते. मागून अडीच-तीन हजार अंशांचा वायू प्रचंड दाबाने तिच्यावरून जातो. शेकडो बारांनंतर तिथे काजळी राहत नाही. काळं, चकचकीत, काचेसारखं कठीण कवच तयार होतं.

ते सर्वांत जाड होतं ते चेंबर संपून रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, सुरू होतात तिथे. नेमबाज त्याला कार्बन रिंग म्हणतात. ०.२२च्या रायफलमध्ये ही रिंग फार त्रास देते. या छोट्या काडतुसात दारू जेमतेम एक दशांश ग्रॅम, गोळी शिशाची आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा थर. पेट घेणारं रसायन काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं आणि घर्षणासाठी त्यात बहुधा काचेची बारीक पूड असते. कार्बन, मेण, शिसं आणि काच यांचं मिश्रण त्या अरुंद जागेत बसत जातं.

या रायफलवर महाराष्ट्राची मान किती उंचावली, हे सांगायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, नाशिकमध्ये नेमबाजीचे धडे गिरवलेला आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंतिम फेरीतले त्याचे गुण ४५१.४. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणजे कार्बन रिंगमुळे गोळी कधी घट्ट, कधी सैल शिरू लागली आणि वेग एवढा डळमळला, तर नेमबाजाचा श्वास कितीही स्थिर असो, दहाचे नऊ होतात.

जुन्या काळी हीच झुंज वेगळ्या मळाशी होती. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वस्तुमान घनरूपात उरतं. त्यातले बरेचसे क्षार पाण्यात विरघळत असल्याने ठासणीची बंदूक गरम पाण्याने धुवायची आणि गजाला फडकं गुंडाळून कोरडी करायची, ही रीत शास्त्रशुद्धच होती. १८५७च्या एन्फिल्ड काडतुसांवरच्या ज्या चरबीने इतिहास हलला, तिचं एक काम नळीतला मळ मऊ ठेवण्याचं होतं. पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने धूररहित दारू आणली, तरी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट राहिलंच. ते जळून पोटॅशियम क्लोराइड बनतं, जे मिठासारखं हवेतला ओलावा ओढतं आणि तेलात विरघळत नाही. म्हणून ब्रिटिश फौजेत रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओतत. आजच्या बहुतेक टोप्यांत क्लोरेट नाही, पण पाण्याने धुण्याची सवय कुठे कुठे उरली आहे. नव्या दारूच्या कार्बनवर पाण्याचा उपयोग होत नाही, कारण त्यात विरघळण्यासारखं काही नाही.

रॉकेलबद्दलही हेच. रॉकेल मेण आणि ताजी काजळी सोडवतं. घट्ट कार्बन मात्र कुठल्याच नेहमीच्या द्रावकात खऱ्या अर्थाने विरघळत नाही. त्याचे अणू आपसांत इतक्या मजबूत बंधांनी जोडलेले असतात की द्रावकाचे रेणू त्यांना वेगळं करू शकत नाहीत. मग बाजारातले कार्बन क्लीनर करतात काय? ते कार्बनच्या कणांना धरून ठेवणारा डांबरासारखा चिकट भाग मऊ करतात, भेगांतून खाली झिरपतात आणि थर व पोलाद यांची पकड ढिली करतात. या कामाला वेळ लागतो. जोर लावून तो वाचत नाही.

स्कूटरच्या सायलेन्सरला कार्बन धरला की गॅरेजवाला तो लाल होईपर्यंत तापवतो आणि आतला कार्बन जाळून टाकतो. नळीला हा उपाय चालत नाही. काजळी जळायला साधारण ६०० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. नळीच्या पोलादाला पाणी दिल्यावर ते ज्या तापमानाला पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं, तेही याच टापूत. कार्बन जाईल, पण पोलादाची घडण बिघडेल.

म्हणून करायचं ते असं. शस्त्र रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. शक्यतो बार झाल्या झाल्या, नळी कोमट असतानाच काम सुरू करायचं, तेव्हा मेण आणि काजळी मऊ असते. सळई नेहमी चेंबरच्या बाजूने, मार्गदर्शक नळीतून घालायची. नळीच्या तोंडाची कड गोळीला शेवटचा स्पर्श करते आणि ती सळईने घासली गेली तर नेम कायमचा जातो. द्रावकात भिजवलेली चिंदी फिरवून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबायचं. मग फॉस्फर ब्रॉन्झचा ब्रश, जो पोलादापेक्षा मऊ असतो. स्टीलच्या तारेचा कधीच नाही. चेंबरपुढच्या रिंगसाठी जुन्या ब्रशला भिजलेली चिंदी गुंडाळून जागच्या जागी गोल फिरवायची. पुन्हा भिजवायचं, पुन्हा थांबायचं. घासणारी पेस्ट हा अगदी शेवटचा उपाय. ती कार्बन आणि पोलाद असा भेद फारसा करत नाही.

मोठ्या रायफलच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. तिथे तांब्याचे आणि कार्बनचे थर एकावर एक चढतात. अमोनियायुक्त द्रावक तांबं विरघळवतो आणि चिंदी निळी करतो. वर कार्बन असेल तर द्रावक तांब्यापर्यंत पोचतच नाही, चिंदी पांढरी निघते आणि तांबं संपलं असा समज होतो. आधी कार्बन, मग तांबं, मग पुन्हा कार्बन, हाच क्रम. आणि ब्रॉन्झचा ब्रशही निळा रंग सोडतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून करावं, स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब. त्या काळ्या चिंदीत शिसं असतं.

आता इगतपुरीचा पाऊस. दिसायला चकचकीत असला तरी कार्बनचा थर सच्छिद्र असतो. तो ओल धरतो आणि वरून फिरवलेलं तेल पोलादापर्यंत पोचू देत नाही. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे. ओल्या पोलादाला तो टेकला की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात पोलाद झिजतं. गंज कवचाखाली खड्डे पाडत राहतो आणि वरून काही दिसत नाही. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. शस्त्रागारात पावसाळ्याआधी एकदा त्याने प्रत्येक नळी आतून बघण्याचा नियम असावा, असं मला ठामपणे वाटतं. रायफलिंगच्या सुरुवातीची रिंग दिसली तर ती निघेपर्यंत काम सोडू नये. पुढे नळीभर फिकट करडी छटा राहिली तर तिच्यामागे लागून पोलाद झिजवू नये. मग तेलाचा पातळ हात, चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीऐवजी हवेशीर कोरडं कपाट, आणि पुढचा बार काढण्याआधी एक कोरडी चिंदी, कारण नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते.