बी. रघुनाथांनंतरची परभणी

7 सप्टेंबर 1953 रोजी परभणीत, कचेरीत काम करतानाच बी. रघुनाथ गेले. वय अवघे चाळीस. हैदराबाद संस्थानात कारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत, मराठी प्रकाशनाची केंद्रे पुण्या-मुंबईत. बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळत त्यांनी कथा-कवितांबरोबर सात कादंबऱ्या लिहिल्या. ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ ही नावेच पाहा. परभणीत बसून हा लेखक थेट जगाशी बोलू पाहत होता.

पुढे ग्रामीण साहित्याची चळवळ आली. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा लिहू लागला आणि मराठवाड्याची बोली निवेदनात शिरली. ही कमाई मोठीच. 1995 साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, तेव्हा लिहित्या हातांची इथे वाण नव्हती. पण हळूहळू या लेखनाचा साचा झाला. दुष्काळ, सावकार, कर्ज, शेवटी फास. दुःख खरे असते, पण पहिल्या पानावरच वाचकाला शेवट कळतो. दिवाळी अंकाच्या चार पानांत मावेल एवढीच कथा सुचू लागली, की कल्पनेची झेपही तेवढीच उरते.

साचा मोडता येतो, हे सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांनी दाखवले. ‘इडा पिडा टळो’ आणि ‘आलोक’मधल्या त्यांच्या दीर्घ कथांत गावातली सत्ता, जात आणि माणसाचा आतला पीळ एकमेकांत गुंतलेला दिसतो. ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंतर ते ‘तसनस’ या कादंबरीकडे वळले. पत्रकारितेत रोज वास्तव हाताळणाऱ्या या लेखकाने बातमीपाशी न थांबता तिच्या मुळाशी जायची उमेद धरली.

अशी उमेद आज विरळ झाली आहे, याची मला मनापासून खंत वाटते. गंगाखेडची जनाबाई, परभणीचा तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, येलदरीचे धरण, 1972 पासूनचे कृषी विद्यापीठ, दरसाल उसाच्या फडाकडे निघणारी कुटुंबे: तीन-चार पिढ्यांना कवेत घेणाऱ्या कादंबरीचा ऐवज इथे पडून आहे. अनुभव आपल्याकडे भरपूर आहे. त्याला आकार देण्यासाठी वर्षानुवर्षे एका हस्तलिखिताशी झुंजायची तयारी हवी. नोकरी करून सात कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या गावात वेळ नाही ही सबब चालणार नाही.