अफवेचे मीठ आणि आगोटची बेगमी

"अमुक जिन्नस आता मिळणार नाही," असा एक शब्द बाजारात फुटला की तासाभरात दुकानापुढे रांग लागते. हा शब्द कोणी उच्चारला, कशावरून उच्चारला, हे कोणी विचारीत नाही. शेजारीण दोन पिशव्या भरून घेऊन गेली, एवढा पुरावा माणसाला पुरतो. वाचक भगिनींनो, या विषयावर आम्ही आज चार गोष्टी लिहिणार आहोत. टंचाई आली की पहिला चिमटा आपल्याच वस्तीला बसतो. घराचा बाजारहाट सांभाळणाऱ्या बाईला त्याचा ताप सर्वांत जास्त होतो.

आधी मिठाचीच गोष्ट घेऊ. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. लोक आधीच बँकांच्या दारात ताटकळत होते. त्यात 11 नोव्हेंबरच्या संध्याकाळी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात मीठ संपल्याची अफवा उठली. पंधरा-वीस रुपयांची पिशवी दोनशे रुपयांना, कुठे त्याहूनही जास्त दराने विकली गेली. तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांना मिठाची कसलीही टंचाई नसल्याचे जाहीर करावे लागले. आता गंमत पाहा. भारतात वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक मीठ पिकते. त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त एकट्या गुजरातेत तयार होते आणि आपण परदेशालाही मीठ विकतो. पेण आणि उरणच्या खाडीकाठी मिठागरांच्या शेजारी ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना तर या अफवेचे हसूच यावे. पण हसून भागत नाही. ज्या कुटुंबाने त्या रात्री दोनशे रुपये मोजले, त्यांचा तो एका दिवसाचा रोज होता.

हे होते कसे, याचा हिशेब आम्ही कारकुनी पद्धतीने मांडून दाखवतो. समजा, एका गावात दोनशे घरे आहेत आणि घरटी आठवड्याला एक किलो साखर लागते. दुकानदार दर आठवड्याला पन्नास किलोच्या चार गोण्या आणतो. माल तेवढा, गिऱ्हाईक तेवढे. सगळे बिनबोभाट चालते. एका सकाळी बातमी येते आणि पहिली चाळीस घरे प्रत्येकी पाच किलो साखर उचलतात. चार गोण्या संपल्या! उरलेल्या एकशे साठ घरांना दुकानदार हात हलवून दाखवतो. साखरेचा कारखाना बंद पडला नाही, ट्रक उलटला नाही, पीक बुडाले नाही, तरीही गावात टंचाई आली. त्या एकशे साठ घरांना अफवा खरीच ठरली असे वाटते, आणि पुढच्या आठवड्यात तीही पाच-पाच किलो मागतात.

पहिली चाळीस घरे कोणाची असतात? ज्यांच्या हातात महिन्याचा पगार आहे, घरात डबे आणि कपाट आहे, त्यांची. रोजंदारीवर वाडीत शिंपणे करणारा, बांधकामावर पाट्या टाकणारी, जेटीवर मासळीच्या टोपल्या वाहणारी बाई यांची खरेदी संध्याकाळी होते. दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापूड, पाव किलो डाळ. दुकानाशी यांचा व्यवहार बहुधा वहीवर असतो. संध्याकाळी ती पोहोचते तेव्हा फळी रिकामी असते. शिवाय टंचाईच्या दिवसांत दुकानदार पहिली गोष्ट करतो ती म्हणजे उधारी बंद. त्याचेही चुकते असे म्हणवत नाही. त्यालाही वरचा व्यापारी रोख मागतो. पण परिणाम असा की, साठवण करणाऱ्याच्या घरी साखरेला मुंग्या लागतात आणि त्याच गल्लीत दुसऱ्या घरी मुलांना बिनसाखरेचा कोरा चहा मिळतो.

ही गोष्ट फक्त आपल्या गल्लीची नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात 20 ते 30 लाख माणसे मेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी 1981 साली या दुष्काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्षी बंगालमध्ये धान्य 1941 पेक्षा कमी नव्हते, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. युद्धाच्या काळात भाव चढले, व्यापाऱ्यांनी आणि धास्तावलेल्या लोकांनी तांदूळ दाबून ठेवला, आणि ज्यांची मजुरी भावाबरोबर वाढली नाही ते उपाशी मेले. त्यांत शेतमजूर होते आणि मच्छीमारही होते. किनाऱ्यावरच्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे. त्याच वर्षी 2 मे 1943 रोजी मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. शिधापत्रिकेवर प्रत्येकाला मोजून धान्य मिळू लागले. श्रीमंताला जादा नाही आणि गिरणी कामगाराला कमी नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. रेशनच्या रांगेला नावे ठेवण्याची आपल्याकडे फॅशन आहे. आम्हाला मात्र ती रांग बेबंद बाजारापेक्षा कितीतरी न्यायाची वाटते.

आणि श्रीमंत देशांतले लोक फार शहाणे असतात असेही नाही. 1973 साली तेलाचे भाव भडकले तेव्हा जपानमध्ये ओसाकाजवळच्या एका वसाहतीत शौचालयात वापरायचा कागद संपणार अशी हूल उठली आणि बायांनी दुकानांवर झुंबड घातली. कागदाचे कारखाने चालूच होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडे धास्तीची खरेदी आणि बेगमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा नीट कळत होता. आगोट जवळ आली की घराघरांत लगबग सुरू होते. तांदळाच्या कणग्या भरायच्या, मिरच्या वाळवून मसाला कुटायचा, पेणच्या बाजारातून मीठ आणायचे, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या. सुके बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून डब्यात भरायच्या, कारण 1 जूनपासून मासेमारी बंद होते आणि ओली मासळी दिसेनाशी होते. सरपण पडवीत रचायचे. ओढ्याला पूर आला की वाट बंद होते, हे ठाऊक असल्याने ही तरतूद असे. ती होते चैत्र-वैशाखात, सावकाश, बाजारात माल भरपूर असताना. म्हणून तिच्यामुळे भाव चढत नाही आणि दुसऱ्याचा घास जात नाही. धास्तीची खरेदी नेमकी उलट, माल कमी असताना आणि सगळ्यांनी एकाच दिवशी केलेली.

2020 साली या दोन्हींची गाठ पडली. 24 मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याच रात्री लोक पिशव्या घेऊन दुकानांकडे धावले. पीठ, तेल, कांदे-बटाटे, बिस्किटे, साबण जे दिसेल ते. अत्यावश्यक वस्तूंची दुकाने उघडी राहणार हे सांगितले गेले होते, पण ऐकायला कोणी थांबले नाही. हात धुण्याचे सॅनिटायझर तर त्याआधीच गायब झाले होते. सरकारने 13 मार्चला मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घेतले, आणि पुढे दोनशे मिलीची बाटली शंभर रुपयांच्या वर विकता येणार नाही असा भाव बांधून दिला. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजार रोगाच्या फैलावामुळे आठवडाभर बंद राहिला, तेव्हा अलिबाग-मुरूडकडे भाजीची आवक आटली. मुंबईतले चाकरमानी मिळेल त्या वाटेने, काही तर पायी, गावी परतले. घरात माणसे वाढली, कमाई थांबली.

त्या वर्षी आगोटची बेगमी करायला बहुतेक मजुरांच्या हातात पैसाच नव्हता. ज्यांनी कशीबशी केली, त्यांच्या छपरावर 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दुपारी अलिबागच्या दक्षिणेस ते किनाऱ्याला लागले; वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा, अलिबाग, सगळीकडे कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. भरलेले तांदूळ भिजले, मसाल्याला बुरशी धरली, सुक्या मासळीचा चिखल झाला. काही गावांत वीज यायला महिनाभर लागला.

ही टंचाई मात्र अफवेची नव्हती, खरीखुरी होती. काय काय नाहीसे झाले ते आठवून पाहा. मेणबत्त्या, काडेपेट्या, ताडपत्री, सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे, पत्रे बसवायचे हूक, खिळे, दोरखंड. रेशनवरचे निळे रॉकेल बहुतेक घरांतून आधीच हद्दपार झाले होते, त्यामुळे कंदील असला तरी तेल नव्हते. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. विहीर होती, पण पोहरा आणि दोर भंगारात गेलेला! आमच्या पाहण्यातल्या एका वाडीत एकाच म्हाताऱ्या आजींनी आपला पोहरा जपून ठेवला होता. पंधरा दिवस अख्ख्या वाडीने तो वापरला. पत्र्यांच्या बाबतीत काही विक्रेत्यांनी लाज सोडली आणि दुप्पट भाव लावला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 5 जूनला अलिबागेत येऊन रायगडसाठी 100 कोटींची तातडीची मदत जाहीर केली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये देण्याचेही नंतर ठरले. पण पंचनामा होऊन पैसे खात्यात यायच्या आत पाऊस आला आणि घर झाकायला पत्रा त्याच दिवशी हवा होता.

त्या दिवसांत ज्या वस्त्यांनी एकत्र बसून वाटणी ठरवली, तिथे हाल कमी झाले, असे आमचे निरीक्षण आहे. विहारात किंवा समाजमंदिरात यादी केली. आधी बाळंतीण, आजारी आणि म्हातारी माणसे असलेल्या घरांवर ताडपत्री, मग बाकीच्या. बाहेरून मदतीचा टेम्पो आला की रस्त्यालगतच्या घरांनी झडप घालायची नाही, माल यादीप्रमाणे आत न्यायचा. हे सगळीकडे जमले असे नाही. काही ठिकाणी भांडणे झाली, एकाच घरात तीन तीन किट गेले, तेही आम्ही पाहिले आहे.

मग कुटुंबाने करावे काय? आमच्या मते पंधरा दिवसांचे वाणसामान घरात असावे, पण ते दर आठवड्याला थोडे थोडे जादा घेऊन जमवावे. बातमी ऐकून एका दिवसात जमवू नये. दहा घरांनी मिळून पन्नास किलोची गोणी घाऊक भावाने घेतली तर प्रत्येकी पाच किलो पडते आणि रोजंदारीवाल्या घरालाही बेगमी परवडते. बचत गटाच्या भगिनींना हे काम सहज जमण्यासारखे आहे. गटाने हप्त्याने पैसे घेतले तर वहीवरच्या उधारीतूनही सुटका होते. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे की, टंचाई पडली तर एका घराला एकच पिशवी. बहुतेक दुकानदार हे मान्य करतात, कारण नेहमीचे गिऱ्हाईक तुटलेले त्यांनाही नको असते. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणे बेकायदा आहे. भांडत बसू नये, पावती मागावी, पाकीट जपून ठेवावे आणि ग्राहकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीला 1915 या क्रमांकावर तक्रार करावी.

शिधापत्रिकेचे मात्र हेळसांड करू नका. 2020 च्या त्या उन्हाळ्यात अन्न सुरक्षा योजनेतल्या माणसाला दरमहा पाच किलो धान्य जादा व फुकट मिळाले. योजनेबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना मे व जूनमध्ये माणशी तीन किलो गहू 8 रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ 12 रुपयांनी मिळाले. ज्यांच्या कार्डावर सुनेचे आणि नातवंडांचे नाव चढले नव्हते, त्यांचा तेवढा शिधा बुडाला. कार्डावर नाव चढवायला तहसील कचेरीत दोन-तीन खेटे पडतात हे आम्हाला माहीत आहे. खेटे रोज बुडवून घालावे लागतात हेही माहीत आहे. तरीही घालावेत, आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी दहा घरांचे अर्ज एकदम भरून एकानेच जावे.

आता तर अफवा मोबाईलवरून येते. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपामुळे पेट्रोल पंपांवर मैल-मैल रांगा लागल्या, आणि 2 तारखेच्या रात्री संप मिटताच त्या विरल्या. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा, देशात धान्याचा साठा भरपूर आहे, साठेबाजी करू नका, असे केंद्र सरकारला पुन्हा सांगावे लागले. असा निरोप मोबाईलवर आला की पुढे ढकलण्याआधी एक फोन रेशन दुकानदाराला आणि एक वाण्याला करावा. तेवढ्यात खरेखोटे कळते.

आगोटच्या यादीत यंदा नेहमीच्या जिन्नसांबरोबर एक चांगली ताडपत्री, पत्र्याचे डझनभर हूक, मेणबत्त्यांचा एक पुडा, घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा पिंप (तांदूळ आणि कागदपत्रे दोन्हींसाठी) आणि विहिरीचा दोर लिहावा. ताडपत्री एप्रिलमध्येच घ्यावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिचा भाव चढतो.