काडतूस पुनर्भरणातील दारूची गल्लत

काडतूस पुनर्भरणातील दारूची गल्लत म्हणजे वापरलेली काडतुसे पुन्हा भरताना ठरवलेल्या दारूऐवजी दुसऱ्याच प्रकारची दारू पुंगळीत जाणे, अथवा दोन प्रकारच्या दारू एकमेकींत मिसळणे होय. पुनर्भरणाचा छंद प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आदी देशांत घरगुती पातळीवर जोपासला जातो. अशा गल्लतीमुळे बंदूक फुटून नेमबाजाचे हात व डोळे कायमचे निकामी होऊ शकतात.

पार्श्वभूमी

काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाल्यानंतर पितळी पुंगळी शाबूत राहते. तिच्यात नवा प्रायमर बसवून, मोजून दारू घालून वर गोळी दाबली की काडतूस पुन्हा तयार होते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली. तिच्यापासून निघालेल्या आजच्या असंख्य प्रकारांत मुख्य फरक ज्वलनवेगाचा असतो. कणांचा आकार, त्यांचे आकारमान आणि त्यांवरील लेप यांवरून हा वेग ठरतो. पिस्तुलाची दारू सामान्यतः शीघ्र जळते, तर मोठ्या रायफलची मंद. बंदिस्त जागेत दाब वाढला की ज्वलन अधिक वेगवान होते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणूनच प्रकार चुकल्यास परिणाम चुकीच्या प्रमाणात न वाढता एकदम भडकतो.

धोक्याचे स्वरूप

दारू ग्रेन या एककात मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. पिस्तुलाच्या काडतुसात अनेकदा ५ ग्रेनच्या आसपास शीघ्र दारू पुरते. .३०-०६ या रायफलच्या काडतुसात मात्र मंद दारू ५० ग्रेनच्या आसपास लागते. या मोठ्या पुंगळीत चुकून शीघ्र दारू भरली गेली, तर निर्माण होणारा दाब कोणत्याही नळीच्या सहनशक्तीपलीकडचा असतो.

उलट प्रकारची चूकही निरुपद्रवी नसते. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत मंद दारू पडली, तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. ते लक्षात न येता पुढचा बार काढल्यास नळी फुटते.

काळ्या दारूवर चालणाऱ्या, तोंडाकडून भरावयाच्या बंदुकांत धूरविरहित दारू घालणे हीदेखील अशीच घातक चूक आहे. काळी दारू आकारमानाने मोजण्याची रीत आहे. तेवढ्याच आकारमानाच्या धूरविरहित दारूत कितीतरी अधिक ऊर्जा असते.

कारणे

बहुतेक प्रकारांच्या कणांवर ग्रॅफाइटचा लेप असल्याने ते करडे किंवा काळसर दिसतात. पापुद्रे, गोलक आणि दंडगोल असे आकार असले, तरी एकाच आकाराचे अनेक प्रकार बाजारात असतात. त्यामुळे नुसत्या दिसण्यावरून किंवा वासावरून दारू ओळखता येत नाही.

नावांतील साम्य हे दुसरे कारण आहे. ‘आयएमआर ४८३१’ आणि ‘एच ४८३१’ यांतील आकडा एकच असला, तरी ही दोन भिन्न उत्पादने आहेत आणि त्यांतील पहिले अधिक शीघ्र जळते. एकाचा कमाल भार दुसऱ्याला लावल्यास दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

सर्वाधिक गल्लती मात्र काम थांबवताना होतात. मापयंत्राच्या नळकांड्यात दारू तशीच ठेवून उठणे, दुसऱ्या दिवशी स्मरणावर विसंबणे आणि उरलेली दारू भलत्याच डब्यात ओतणे, हा क्रम नेहमीचा आहे.

प्रतिबंध

* कामाच्या मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवावा. बाकीचे डबे दुसऱ्या जागी, बंद कपाटात ठेवावेत.
* नळकांडे भरण्यापूर्वी डब्यावरील उत्पादकाचे नाव व पूर्ण क्रमांक वाचून तो भारतक्त्याशी ताडून पाहावा.
* नळकांड्यावर दारूच्या नावाची चिठ्ठी लावावी आणि काम संपेपर्यंत मूळ डबा मापयंत्राशेजारीच ठेवावा.
* काम थांबताच दारू मूळ डब्यात परत ओतून नळकांडे व मापकक्ष पूर्ण रिकामे करावेत.
* दारू मूळ वेष्टनातच साठवावी. निनावी बरणीतील दारू कधीही वापरू नये.
* भरलेल्या प्रत्येक पेटीवर दारूचे नाव, भार, गोळीचे वजन व दिनांक लिहावा.

गल्लत लक्षात आल्यावर

शंका येताच भरणे थांबवावे. ज्या क्षणापर्यंत दारूबद्दल निश्चिती होती, त्यानंतर भरलेली सर्व काडतुसे वेगळी काढून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी. तयार काडतुसे तोलून दोष शोधण्याचा मार्ग विश्वासार्ह नाही, कारण पुंगळी व गोळी यांच्या वजनातील स्वाभाविक फरकात दारूतील फरक लपून जातो. ‘एक बार काढून पाहू’ हा विचार तर सर्वांत घातक ठरतो.

अशा काडतुसांतील गोळ्या उपकरणाने उपसून काढाव्यात. यासाठी आघातावर चालणारा हातोडा किंवा पकडीचा उपसक वापरतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. काठावर प्रायमर असलेल्या काडतुसांसाठी हा हातोडा वापरू नये.

मिसळलेली दारू चाळून वेगळी करता येत नाही. ती नष्टच करावी लागते. ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागी, अल्प प्रमाणात आणि पातळ थरात पसरून ती जाळली जाते. स्थानिक नियम याबाबत वेगळे असू शकतात. दारू बंद भांड्यात जाळणे, तसेच कचऱ्यात किंवा गटारात टाकणे धोक्याचे असते.

बार काढताना आवाज क्षीण वाटला किंवा धक्का अनपेक्षित जाणवला, तर नेमबाजी तत्काळ थांबवावी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून काही वेळ थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीत अडथळा नसल्याची खात्री करावी. चपटा झालेला वा निखळलेला प्रायमर, पुंगळी घट्ट अडकणे आणि पुंगळीला चीर पडणे ही अतिदाबाची लक्षणे होत. अशा वेळी त्या खेपेतील उरलेले एकही काडतूस वापरू नये.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना काडतुसे व अन्य दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना ठरत नाही. त्यामुळे परदेशी पुस्तिकांतील कृती भारतातील बंदूकधारकाने घरी करणे बेकायदेशीर ठरू शकते.