आज्ञावलींतील गुंता : तो मोजावा कसा व सोडवावा कसा

संगणकाकडून करवून घ्यावयाचें काम क्रमवार लिहून दिलेल्या लेखास आज्ञावली, किंवा रूढ शब्दांत प्रोग्राम, म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. हा लेख केवळ यंत्रापुरता असतो, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत आढळते. ती बरोबर नाहीं. सुबोध काय आणि दुर्बोध काय, यंत्रास दोन्ही सारखेंच. परंतु उद्यां त्याच आज्ञावलींत फेरफार करण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याच्या हालांस पारावार राहत नाहीं.

तो प्रसंग आम्हांवर येऊन गेला आहे. शाळेचा वार्षिक निकाल तयार करणारी आज्ञावली एका माजी विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें करून दिली होती. सवलतीच्या गुणांचा नियम बदलला, तेव्हां आम्हीं तींत एक अट बदलली, चार मुलांचे गुण घालून पाहिले, आणि निकाल छापला. नववींतील एक मुलगी, जी उत्तीर्ण व्हावयाची, ती अनुत्तीर्ण ठरली. दुसऱ्या दिवशीं तिचे वडील शाळेंत आले, ते तिचा दाखला मागावयास. नियम आज्ञावलींत तीन ठिकाणीं लिहिलेला होता. आम्हीं तो एकाच ठिकाणीं बदलला होता. चूक आमची होती, व ती आम्हीं त्यांच्यासमोर कबूल केली.

मग ती आज्ञावली आम्ही मोजावयास बसलों. अमेरिकन गणिती टॉमस मॅकेब यांनीं १९७६ मध्यें यासाठीं एक माप सुचविलें. आज्ञावलीचा नकाशा बिंदू व रेषा यांनीं काढावा. रेषांच्या संख्येंतून बिंदूंची संख्या वजा करून २ मिळवावे. व्यवहारांत याहून सोपें : ‘जर’, ‘जोंपर्यंत’ असे निर्णयाचे जितके फांटे, त्यांत १ मिळवावा. येणारी संख्या १० च्या आंत असावी, असें मॅकेब यांचें मत. आमच्या एकाच फंक्शनमध्यें २२ फांटे, म्हणजे माप २३ भरलें. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वाटाही तितक्याच. आणि आम्हीं तपासून पाहिलीं होतीं चार उदाहरणें!

लांबी म्हणजे गुंता नव्हे, हें येथें ध्यानांत ठेवावें. मलकापुराहून बुलढाण्यास येतांना राजूरचा घाट लागतो. वळणें पुष्कळ, पण जेथें फांटा नाहीं, तेथें वाटसरू चुकत नाहीं. तो चुकतो आठवडी बाजाराच्या बोळांत. मात्र एका ‘जर’च्या पोटांत दुसरा, त्याच्या पोटांत तिसरा, याचा जाच या मापांत दिसत नाहीं; म्हणून अशा घड्यांस अधिक भार देणारें ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ हें माप अलीकडे निघालें आहे.

गुंता सोडविण्याच्या कामास ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांचा त्यावरील ग्रंथ १९९९ चा. मुख्य अट ही कीं, आंतील रचना बदलावी, बाहेरील फल तसूभरही बदलूं नये. म्हणून आम्हीं प्रथम जुने निकालपत्रक काढलें, आणि प्रत्येक फेरफारानंतर त्याशीं ताडून पाहिलें. सवलतीचा नियम एकाच छोट्या फंक्शनमध्यें आणला. गैरहजर विद्यार्थ्याचा निर्णय आरंभींच लावून टाकला, म्हणजे पुढील अटी त्याच्या पोटांत शिरत नाहींत. ‘एक्स१’सारखीं नांवें जाऊन ‘एकूण गुण’ आलें.

तीन फांट्यांचा नियम तीनदां होता, तो एकदां राहिला. २२ चे १६ फांटे झाले. पांच फंक्शनांचीं मापें ६, ५, ४, ३, ३ भरलीं. बेरीज २१, म्हणजे गुंता फारसा गेला नाहीं, वांटला गेला. पण एका वेळीं सहाच वाटा डोक्यांत ठेवाव्या लागतात, हा लाभ थोडका नव्हे.

मोठ्या व्यवहारांत हेंच दुखणें मोठें होतें. सालाचे दोनच अंक लिहिलेल्या जुन्या आज्ञावली २००० सालापूर्वीं दुरुस्त करण्याचें काम जगभर निघालें, तेव्हां कित्येकींचे मूळ लेखक नोकरी सोडून गेलेले होते. पुण्यास १९८१ मध्यें स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रांतही दुसऱ्यांनीं लिहिलेल्या आज्ञावली यंत्राकडूनच तपासून घेण्याच्या साधनांवर पुष्कळ काम झालें.

ती मुलगी यंदा दहावीस आहे. ‘एक्स२’ कशासाठीं होता, हें आम्हीं त्या माजी विद्यार्थ्यास पत्र लिहून विचारलें, त्यालाही आठवेना.