विकणाऱ्याचा वाली कोण?

ऑनलाइन मागवलेला कुर्ता घट्ट झाला, तर आपण काय करतो? ‘रिटर्न’वर क्लिक! पैसे परत, विषय संपला. पण तोच कुर्ता विकणाऱ्या मुलीचं अख्खं दुकानच एका सकाळी गायब झालं, तर तिनं कुठलं बटण दाबायचं?

माझ्या रूममेटला हा प्रश्न ऐन गौरी-गणपतीच्या तोंडावर पडला. नोकरी सोडून ती मोत्यांच्या नथी बनवते आणि एका बड्या मार्केटप्लेसवर विकते. एक दिवस मेल आला, ‘धोरणाचं उल्लंघन झाल्यानं आपलं अकाउंट सस्पेंड केलं आहे.’ कुठलं धोरण? कुठली नथ? उत्तर नाही. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या मालाचे ६८ हजार रुपयेही तिकडेच अडकले. चॅटवर एकच पालुपद, ‘तुमची तक्रार संबंधित टीमकडे पाठवली आहे.’ इकडे पलंगाखाली नथींचे डबे, आणि घरभाडं डोक्यावर.

‘कंझ्युमर कोर्टात खेच त्यांना!’ असा सल्ला बिल्डिंगमधल्या प्रत्येकानं दिला. मी मात्र कायदा उघडून बसले. आणि खरी गंमत तिथेच आहे, मंडळी!

व्यापारासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ नसतो, असं कायदा म्हणतो. पण पोट भरण्यासाठी स्वतः राबणाऱ्याचं काय? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग’ खटल्यात सांगितलं, की टाइपरायटर घेऊन त्यावर स्वतः लोकांची कामं करणारा माणूस ग्राहकच राहतो. २००२ च्या दुरुस्तीनं ही सवलत सेवांनाही शब्दात दिली. २०१९ च्या नव्या कायद्यात मात्र स्पष्टीकरणात फक्त ‘वस्तू’ उरल्या! मार्केटप्लेस विकते ती सेवा. म्हणजे समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवणार. केस उभी राहू शकते, पण हमखास नाही.

युरोपियन युनियनमध्ये १२ जुलै २०२० पासून असा नियम लागू आहे, की विक्रेत्याला सस्पेंड करताना कारण लेखी द्यायचं आणि अकाउंट कायमचं बंद करायचं तर एरवी ३० दिवस आधी कळवायचं. आपल्याकडचे २०२० चे ई-कॉमर्स नियम तक्रार अधिकारी नेमायला लावतात. ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण. पण ही मुदत ग्राहकांच्या तक्रारींसाठी. विक्रेता इथेही उंबऱ्यावरच!

मग करायचं काय?

पुरावे उतरवा : डॅशबोर्ड पूर्ण बंद व्हायच्या आत पेमेंट रिपोर्ट, इन्व्हॉइस, मेल आणि त्या तारखेच्या अटी डाउनलोड करा.

अपील मुद्देसूद करा : रडगाणं नको. कच्च्या मालाची बिलं, फोटो, जीएसटीचे कागद जोडा आणि ‘कुठल्या प्रॉडक्टवर आक्षेप आहे?’ हे थेट विचारा.

तक्रार अधिकाऱ्याला लिहाच : मुदत तुमच्यासाठी नसली, तरी कागदावर नोंद राहते.

दोन मागण्या वेगळ्या ठेवा : अकाउंट सुरू करणं हा वादाचा मुद्दा आहे. विकलेल्या मालाचे पैसे ही सरळ थकबाकी आहे. वकिलाच्या नोटिशीत दोन्ही स्वतंत्र मांडा.

आयोगात जायचं तर : हा तुमचा उपजीविकेचा एकमेव धंदा आहे, तो तुम्ही स्वतः चालवता, हे दाखवा. मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. करारात लवादाची अट असली, तरी तेवढ्यानं ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. ‘ग्राहक’ ठरला नाहीत, तर मात्र दिवाणी कोर्टाचा रस्ता.

रूममेटनं पैसे आणि अकाउंट असं वेगवेगळं मागणारी नोटीस पाठवली. तीन आठवड्यांत ६८ हजार खात्यात आले. अकाउंट अजून बंदच आहे, कारणही कळलेलं नाही. आता ती नथी प्रदर्शनांमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर विकते. ग्राहकांचे नंबर तिच्या स्वतःच्या वहीत आहेत.

तुम्हीही साइड बिझनेसच्या विचारात असाल, तर लोगो नंतर ठरवा. आधी करारातलं ‘सस्पेन्शन’चं कलम वाचा, आणि एक वही आणा!