साहेबांची पाठ वळल्यावर काम कसे चालते?



गळीत हंगाम सुरू झाला, की लोणी-धामणीपासून घोडनदीच्या काठापर्यंत साऱ्यांच्या तोंडी दोनच गोष्टी असतात. तोड कधी येणार आणि भाव किती मिळणार? हा भाव जेवढा शेतात ठरतो, तेवढाच कारखान्याच्या आत, रात्रपाळीतही ठरतो. म्हणून या वेळी आम्ही आतल्या माणसांविषयी लिहीत आहोत.

हिशेब साधा आहे. एक लाख टन उसावर साखर उतारा नुसता 0.1 टक्क्याने घसरला, तर 100 टन, म्हणजे एक हजार क्विंटल साखर कमी पडते. ऊस तोच, पाणी तेच, खतही तेच. मग ही साखर जाते कुठे? काही भुशात जाते, काही मळीत जाते आणि काही गाडीतळावर वाळणाऱ्या उसातच घटते.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे दोन वाजलेत. तेल घालणाऱ्या कामगाराला मिलचे बेअरिंग नेहमीपेक्षा गरम वाटते. तो वर सांगायला जातो. “तुला कोणी विचारलं? आपलं काम कर,” असे उत्तर मिळाले, तर पुढच्या खेपेला तो गप्प बसेल. मग पहाटे मिल बंद पडेल, गव्हाण थांबेल आणि गाड्यांची रांग लागेल. उलट “बरं झालं सांगितलंस, चल बघू,” असे म्हणणारा साहेब असेल, तर दुखणे लवकर कळते. पॅनवरही तसेच. घाईने पाक बिघडला, की दाणा बारीक पडतो आणि मशीनच्या जाळीतून मळीबरोबर निघून जातो. तेथे कामगाराचे लक्ष हीच खरी राखण.

यावर शास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग 1939 साली प्रसिद्ध झाला. एका गटाचा म्होरक्या नुसते हुकूम सोडी, दुसरा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तिसरा सगळे मोकाट सोडून देई. हुकमाच्या गटात म्होरक्या समोर असेतो काम भरपूर होई, पण तो बाहेर गेला की हात थांबत. विचारविनिमयाच्या गटात तो नसतानाही काम चालू राही. मोकाट गटाचे काम मात्र नीट झालेच नाही. तेव्हा गोड बोलणे म्हणजे ढिलाई नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. शिस्त हवीच, पण ती सगळ्यांना सारखी हवी आणि तिचे कारण माणसाला कळलेले हवे.

आपल्या देशातला दाखला अहमदाबादच्या कॅलिको मिलचा. तेथे 1953 साली ए. के. राइस या अभ्यासकाच्या सूचनेवरून विणकरांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठराविक मागांची जबाबदारी सोपवली. त्यानंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी निघू लागले. माग तेच होते, माणसेही तीच होती.

आपल्याच गावाच्या नावाच्या दुसऱ्या लोणीत, प्रवरेकाठी, विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून, माणसांना समजावून भाग गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. शिकलेला माणूस आणि शेतकरी एकमेकांचे ऐकत होते, म्हणून 1950 साली तेथे धुराडे पेटले.

पण नुसत्या शब्दांनी पोट भरत नाही. बॉयलरपाशी आणि पॅनच्या मजल्यावर उभे राहून पाहा, म्हणजे तिथली धग कळेल. 1948 च्या कारखाना अधिनियमाने थंड पाणी, विश्रांती, उपाहारगृह यांचे नियम घालून दिले, ते उगीच नव्हेत. घामाने निथळणारा, झोप न झालेला माणूस चुकतो, आणि मिलपाशी चूक म्हणजे हातही जायचा. हंगामी कामगाराला हंगाम संपल्यावर घर कसे चालेल याचीही चिंता असते. त्याचा रिटेन्शन अलाउन्स वेळेवर हातात पडला, तर पुढच्या हंगामाला तोच जाणता माणूस परत येतो.

आता थोडे आपल्याविषयी, रागावू नका. आपण मालक आहोत, पण हजारो मालकांनी एकाच कामगाराला हुकूम सोडले तर त्याने ऐकायचे कोणाचे? संचालकांच्या ओळखीने नंबर पुढे घेणे, काट्यावर आवाज चढवणे, कामात कुचराई करणाऱ्या भाच्याला पाठीशी घालणे, या गोष्टींनी पाळीप्रमुखाच्या शब्दाची किंमत जाते. तो शब्द गेला, की शिस्त गेली. त्याचा भुर्दंड शेवटी आपल्याच बिलात पडतो.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत भाव जरूर विचारा. पण सोबत आणखी एक प्रश्न विचारा : हंगामात मिल किती तास बंद राहिली, आणि ती बंद पडण्यापूर्वी कोणी काही सांगितले होते का?