घासाची वाटणी

गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले अंड्यातून निघतात ती उघडी, मिटल्या डोळ्यांची आणि स्वतःची ऊब राखू न शकणारी. त्यामुळे पहिल्या चार-सहा दिवसांत ऊब आणि चारा ही दोन्ही कामे एकदम अंगावर येतात. बहुतेक जातींत तेव्हा मादी पिल्लांवर बसते आणि चाऱ्याच्या जास्त फेऱ्या नर करतो. पिसे फुटली की दोघेही फिरू लागतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना आधी अळ्या-किडेच भरवते.

साताऱ्या-सांगलीच्या परसांत बुलबुल, शिंपी, नाचण यांची वाटणी बरीचशी समसमान असते. नाचणाची जोडी घरटे बांधण्यापासून सारेच मिळून करते. शिंजिराची मादी एकटीच घर बांधते आणि एकटीच अंडी उबवते. नर येतो तो भरवायला. दयाळाच्या नराला कामचुकार म्हणणारे लेखक चुकतात. भरवण्याचा मोठा वाटा मादीचा असला, तरी ज्या आवारातून ती किडे वेचते ते राखतो नरच.

सुगरणीचे नाव स्त्रीलिंगी, पण विणकर नर. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० साली किहीमला या पक्ष्याच्या विणीची रीत उलगडली. नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले की पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. उबवणे आणि भरवणे मुख्यतः मादीकडे राहते. पावसाळ्यात किड्यांची रेलचेल असते, म्हणून एकटीला हे पेलते.

खरा विस्तार हवा तो सातभाईंचा, आणि तोच मराठी लेखनात फारसा मिळत नाही. नर किती, मादी किती एवढाच हिशेब मांडणाऱ्यांच्या वहीत हा पक्षी बसतच नाही. माण-खटाव, आटपाडी, जतच्या बाभळी-बोरींत त्यांचा थवा कलकलत फिरतो. त्यात अंडी घालणारी जोडी बहुधा एकच, पण पिल्लांच्या चोचीत नाकतोडे घालायला सगळेच येतात. या मदतनिसांत आधीच्या विणीची मुले असतात. राहायला मोकळी जागा सहजी मिळत नाही आणि भरवायची ती भावंडेच, म्हणून आई-बापांपाशी थांबणे त्यांच्या सोयीचे ठरते. एक भरवत असताना दुसरा शेंड्यावरून ससाण्या-शिक्र्यावर नजर ठेवतो. चातक बहुधा सातभाईंच्या घरट्यात त्यांच्यासारखे निळे अंडे घालतो आणि त्याचे पिल्लूही साऱ्या थव्याच्या घासावर वाढते. सातभाईंचे नर-मादी दिसायला सारखे असल्याने पायात रंगीत कड्या घातल्याशिवाय कोणी किती फेऱ्या केल्या हे कळत नाही. दिल्लीत १९७०च्या दशकात या थव्यांचा सविस्तर अभ्यास झाला. कड्यांवाचून केलेल्या नोंदींवर उभारलेले निष्कर्ष मात्र ग्राह्य धरू नयेत.

आता बांधावरची बाभूळ तुटली, कृष्णाकाठी ऊस बांधाला भिडला, तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारे चालतात. किडा मेला की चाऱ्याची फेरी लांबते. भरीला घरट्यापुढच्या डहाळ्या छाटून छायाचित्रे काढण्याचे वेड आले आहे. त्याने आई-बाप दूर राहतात आणि पिल्ले उन्हात व कावळ्यांपुढे उघडी पडतात. त्या छायाचित्रांना अभ्यास म्हणणे थांबले पाहिजे.

घरटे सुटले तरी भरवणे संपत नाही. सातभाईंची नुकती निघालेली पिल्ले धड उडत नाहीत. थवा त्यांना मध्ये घेऊन झुडपांतून हिंडतो. चिमणीच्या जोडीत मादी पुढच्या विणीला लागते, तेव्हा बाहेर पडलेल्या पिल्लांचे घास पुष्कळदा नराकडे येतात. पिल्लू स्वतः टिपू लागेपर्यंत तो त्याला भरवत राहतो.